पी हळद अन् हो गोरी

माझ्या मामीचे तळहात दरवर्षी शिमग्याच्या आसपास महिना-दीड महिना पिवळे असतात. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळव्यावरच्या रेषा, सगळीकडं रंग असा मुरलेला असतो की ती भाकरी थापायला बसली की ज्वारीच्या पांढऱ्या पिठावरही त्याची झाक उतरते. ती भाकरी मी लहानपणी मागून घ्यायचे.

आजोळ हिंगोली जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं. तिथं हळद ही देव्हाऱ्यातली वस्तू नाही, रानातलं पीक आहे. जूनला लागवड, पुढं आठ-नऊ महिने जमिनीत. मग पाला कापायचा, कंद उकरायचे, माती झटकायची, जेठे गड्डे एकीकडं, हळकुंडं दुसरीकडं. त्यानंतर शिजवणं. माझ्या लहानपणी बांधावर मोठी काहील चढायची, वरून ओलं गोणपाट झाकलेलं, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ. आता बॉयलर भाड्यानं येतो आणि वाफेवर काम उरकतं. पण हळद शिजली का हे बघायला मामा अजूनही खिशातली आगपेटीची काडी काढून हळकुंडात टोचतात. काडी सहज आत गेली की उतरवा. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. ओली पाच क्विंटल निघाली तर वाळून हाती जेमतेम एक क्विंटल लागते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेपरातल्या बातमीचा फोटो टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मामीनं एवढंच विचारलं, "मग भाव वाढला का?"

पस्तीस वर्षं मामी या हळदीत आहे. वेचणी, शिजवणी, वाळवणी, सगळं अंगावर. हळदीची धूळ तिच्या भुवयांवर बसते, पदरात बसते, श्वासात जाते. आणि मामी काळीसावळी आहे. लग्नात होती तशीच, उलट उन्हानं थोडी जास्तच रापलेली. तिच्या दोन्ही जावाही तशाच. हळदीनं माणूस गोरं होत असतं तर वसमतच्या आठवडी बाजारात आपण चुकून विलायतेत आलो की काय असं वाटलं असतं.

'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण आपण उतावळ्या माणसाची टिंगल करायला वापरतो. म्हणजे आपल्या भाषेला ही गोष्ट कधीचीच ठाऊक आहे. मला ती कळायला एक उन्हाळा आणि एक बरं स्थळ खर्ची पडलं.

मी बावीस वर्षांची होते, बीए झालेली, घरात 'बघायला' सुरुवात झालेली. प्रत्येक बायोडाटात माझ्या रंगापुढं आई 'निमगोरी' लिहायची आणि प्रत्येक वेळी लिहिताना क्षणभर थांबायची. तो क्षण मला दिसायचा. कुठल्याशा पुरवणीत उजळ कांतीसाठी लेप आला होता: डाळीचं पीठ, हळद आणि लिंबाचा रस. तिन्ही घरात. मे महिना होता, आम्ही आजोळी होतो. सकाळी लेप लावला, जरा वेळानं वरवर धुतला आणि धाब्यावर कुरडया घालायला गेले. वसमतचं मे महिन्यातलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चिकाचं पातेलं संपेपर्यंत दोन तास मी तिथं होते.

रात्री गाल चुरचुरायला लागला. दुसऱ्या दिवशी लाल झाला, तिसऱ्या दिवशी पाण्याचे बारीक फोड आले, आणि आठवड्याभरात तिथं तपकिरी, जवळजवळ काळे चट्टे उमटले. गमतीची गोष्ट अशी, म्हणजे आता गमतीची, की मानेवर दोन ओघळ होते. लिंबाचा रस जिथून खाली वाहिला होता तिथं, बरोबर त्याच वाटेनं, कुणी काळ्या शाईनं रेघ ओढावी तसे.

आजीनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं. "काय फासलीस गं तोंडाला?" मी सांगितलं. आजी म्हणाली, "तू काय वरण-भात हायस व्हय, वरून लिंबू पिळायला?"

खूप वर्षांनी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला यामागचं कारण समजावलं. लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, सोरालेनच्या जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना कडक ऊन लागलं की त्यातल्या अतिनील किरणांनी ती चेततात आणि कातडी भाजते. भाजणं बरं होतं, मागं काळा डाग राहतो, तो जायला कधी कधी महिने लागतात. आणि ऐका, हीच द्रव्यं बावचीच्या बियांत असतात. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावची लावून ऊन घ्यायची जुनी रीत आहे ती याच्याच जोरावर, कारण तिथं गेलेला रंग परत आणायचा असतो. मी गोरी होण्यासाठी चेहऱ्याला नेमकं रंग आणणारं औषध चोळलं होतं!

पंधरा दिवसांनी परभणीचे पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या काकूनं माझ्या आईला हळूच विचारलं, "मुलीला वांग आहेत का?" ते स्थळ तिथंच संपलं. मला मुलगा आवडला होता, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आजीनं माझ्यावर उपचार असा काही केलाच नाही. तिनं पहिल्यांदा सगळं बंद केलं. पीठ नाही, हळद नाही, साय नाही. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, बाहेर पडताना पदर नाहीतर ओढणी पुढं ओढायची, आणि रात्री करडीच्या तेलाचं बोट. बास. चट्टे दिवाळीपर्यंत फिके झाले. तेलानं झाले की नुसत्या सावलीनं, हे सांगता येणार नाही. माझा कौल सावलीला.

तरी करडीच्या तेलाविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण मराठवाड्याबाहेर त्याचं फार कुणाला पडलेलं नसतं. कोकणात खोबरेल तसं आमच्याकडं करडीचं. पोळीला तेच, फोडणीला तेच, बाळाच्या अंगाला तेच, टाचांच्या भेगांना तेच. करडईला इतके काटे की काढणीला पहाटेच जावं लागायचं, दंवानं काटे नरम असतात तोवर. दिवस वर आला की हात घालणं मुश्कील. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं 'परभणी कुसुम' हे वाण आमच्याकडं घरातल्या माणसाच्या नावासारखं घेतलं जायचं. पुढं सोयाबीन आलं, हरभरा वाढला आणि करडीचं रान बांधाबांधानं आटत गेलं. आता शहरात लाकडी घाण्याच्या दुकानातून मी ते तेल लिटरवर घेते आणि भाव ऐकला की आजीची आठवण येते.

या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांहून जास्त असतं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा पापुद्रा आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, त्या पापुद्र्याच्या घडणीत हेच आम्ल लागतं. त्यामुळं कोरड्या हवेत, कोरड्या अंगाला करडीचं तेल मानवतं याला आधार आहे. पण आजीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि ती दिव्यदृष्टीची होती असंही मी म्हणणार नाही. गावात घाणा होता, घाण्यावर करडी गाळली जायची, म्हणून करडी. शेजारी मोहरीचा घाणा असता तर तिनं मोहरीचं तेल लावलं असतं आणि आमची अंगं झोंबली असती. आपण जुन्या माणसांना कधी कधी उगाच शास्त्रज्ञ करतो. त्यांच्याकडं जे होतं ते त्यांनी वापरलं, जे बाधलं ते टाकलं. टाकलेल्याची यादी मात्र कुणी लिहून ठेवली नाही, ती आजीच्या तोंडात होती आणि तिच्याबरोबर गेली.

त्या यादीत बिब्बा नक्की असणार. रानात काटा मोडला, टाचेला खोल भेग पडली की बिब्बा तापवून त्याचं तेल भरायचं. काळंशार, चिकट. भेग बुजायची खरी. पण जरा इकडं-तिकडं लागलं की अंगावर उतायचा. आमच्या एका चुलत मामांच्या पोटरीवर बिब्बा उतल्याची खूण मरेपर्यंत होती. काहींना तर बिब्ब्याच्या झाडाखालून गेलं तरी अंग उठतं. झाड आपलं, फळ आपलं, त्यात ना केमिकल ना कंपनी. कुणी 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' म्हणालं की मला त्या मामांची पोटरी आठवते. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार काही उगाच आलेला नाही.

डाळीच्या पिठाचं मात्र वेगळं आहे. त्याच्या बाजूनं मी भांडेन, पण गोरेपणासाठी नाही, पाण्यासाठी. आमच्या भागात बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाला खडे. अशा पाण्यात साबण घासला की फेस येत नाही, पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडून चिकट साका तयार होतो आणि तो अंगावरच बसतो. तो काढायला आणखी पाणी लागतं. आणि आणखी पाणी आणायचं कुठून? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी लातूरला नणंदेकडं होते. माणशी एक बादली. नणंदेनं साबण बाजूला ठेवला आणि डब्यातून डाळीचं पीठ काढलं. मूठभर पीठ, अंग घासलं, दोन तांबे पाणी, झालं. डोक्याला रिठा. रिठ्याचा फेस जड पाण्यातही येतो, त्याचा साका होत नाही. बेसनानं आंघोळ हे आता महागड्या स्पामधलं कौतुक झालंय, पण त्या उन्हाळ्यात ते निव्वळ हिशेबाचं काम होतं. सांडपाण्यावर तिनं तुळस जगवली.

हळदीकडं परत येते. हळदीत औषधी गुण नाहीत असं मला मुळीच म्हणायचं नाही. बोट कापलं की आम्ही आजही आधी हळदच दाबतो. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं चक्क पेटंट मिळालं होतं. त्याला आव्हान दिलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. त्या संस्थेनं जुने ग्रंथ, जुने शोधनिबंध असे बत्तीस दाखले गोळा करून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द करून घेतलं. ही कथा आम्हां हळदवाल्यांना घरातल्या कुणी कोर्टात दावा जिंकल्यासारखी वाटते. मामा ती दरवर्षी सांगतात, दरवर्षी दाखल्यांचा आकडा थोडा वाढतो. पण ते भांडण जखमेचं होतं. हळदीनं रंग उजळतो हे सिद्ध करायला ते बत्तीस दाखले कुणी मांडले नव्हते.

हळदीचं कुंकू कसं होतं ते मी आजीकडं पाहिलंय. हळकुंडं, लिंबाचा रस, टाकणखार. पिवळ्याचं लाल होताना बघायला आम्ही पोरं गोल करून बसायचो. ते कुंकू लावायची तऱ्हाही ठरलेली. फणेरपेटीत मेणाची डबी, आधी कपाळावर मेणाचा ठिपका, त्याच बोटानं गोल नीट करायचा, मग त्यावर कुंकू. आईनं नोकरी लागल्यावर हे सोडलं आणि टिकली लावायला सुरुवात केली. झटपट, घामानं ओघळत नाही. वीस-बावीस वर्षं रोज, त्याच जागी. एक दिवस आंघोळीनंतर मला दिसलं की आईच्या कपाळावर टिकली नसतानाही टिकली आहे, पांढरी.

आधी घरात कुजबुज झाली, कोड आहे का म्हणून. वर ज्या बाईंचा उल्लेख केला त्यांच्याकडं मी आईला घेऊन गेले. त्यांनी टिकलीचं पाकीट मागितलं, मागची चिकट बाजू बघितली. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतं. टिकली बंद, एवढाच पहिला उपाय. आईनं विचारलं, "मग कपाळ मोकळं ठेवू?" पुढचं सगळं निदान तिच्या कानावर गेलंच नव्हतं.

आईनं फणेरपेटी शोधली. मेण लाकडासारखं झालं होतं. मी तुळजापूरला गेले होते तेव्हा तिच्यासाठी कुंकू आणलं, आणि घरी आल्यावर बाईंचं ऐकून ते लावू दिलं नाही, कारण बाजारातलं कुंकू म्हणजे बहुतेकदा रंग घातलेली पूड, तिनंही कातडी बिघडते. शेवटी मामीनं हळदीचं घरी केलं आणि डबी पाठवली. डागाच्या कडेनं थोडा रंग परत आला, मध्यभागी नाही. आई आता मेण लावते, कुंकू लावते आणि आरशात बघत नाही, सवयीनं बोट बरोबर त्या जागी जातं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं ऑनलाइन उटण्याचं पाकीट मागवलं. पंधरा वर्षांची आहे. पाकिटावर हळकुंडाचं चित्र, वर 'ऑर्गॅनिक'. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिली माती, दुसरा स्टार्च, पुढं सुगंध, आणि हळद पार शेवटून दुसरी. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हे. मी तिला सांगितलं, 'जैविक भारत'चं चिन्ह असतं ते खाण्याच्या वस्तूंवर, तोंडाला लावायच्या पुडीवर ऑर्गॅनिक लिहिलेलं दिसलं की कुणी तपासलंय ते विचारायचं. ती म्हणाली, "मग मामाआजोबांची हळद ऑर्गॅनिक आहे ना?"

इथं माझी बोलती बंद झाली. मामांची हळद ऑर्गॅनिक नाही. करपा येतो, कंदमाशी येते, कंद कुजतो, तेव्हा मामा फवारतात. एक वर्ष त्यांनी फवारणी सोडून बघितली आणि अर्धं रान कुजलं. प्रमाणपत्रासाठी दोन-तीन वर्षं तसंच काढावं लागतं, तेवढा दम त्यांच्या सोसायटीच्या कर्जात नाही. शहरातले आमचे ओळखीचे हळद मागतात, पहिला प्रश्न तोच करतात, आणि मामा फोनवर क्षणभर थांबतात. आई बायोडाटा लिहिताना थांबायची तसे. पण ती हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात मेटॅनिल यलो नाही, लेड क्रोमेट नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. हे दोन्ही रंग भेसळीत सापडतात, आणि लेड क्रोमेटमधलं शिसं तर थेट मेंदूवर जातं.

पाकीट फेकलं नाही. आजीची एक सवय होती ती मुलीला सांगितली: काहीही नवीन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं, दोन दिवस बघायचं. तिनं लावलं. दुसऱ्या दिवशी तिथं रुपयाएवढी लाल चकती उठली. पाकिटाचं पुढं काय झालं ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये आम्ही वसमतला गेलो. खळ्यावर हळद पसरलेली, उलथीपालथी करायला माणूस कमी, म्हणून मुलगी उतरली. दुपारपर्यंत तिचा पांढरा कुर्ता पोटापासून गुडघ्यापर्यंत पिवळा. संध्याकाळी हौदावर तिनं त्याला साबण लावला आणि किंचाळली. कुर्ता लालभडक. तिला वाटलं हाताला कापलंय. मामी हसत हसत आली. "रगत नाही बाई ते. साबण लागला की हळद लाल होती. आजीचं कुंकू पाहिलं नाहीस का?" तिनं कुर्ता साध्या पाण्यातून काढला, पिळला आणि दुसऱ्या दिवशी उन्हात तारेवर घातला. हळदीचा डाग उन्हाला टिकत नाही. दोन दिवसांत कुर्ता पांढरा झाला, खिशाच्या शिवणीत थोडं पिवळं राहिलं.

हात तसेच राहिले. परतीच्या एसटीत नांदेडहून चढलेल्या एक बाई शेजारी बसल्या, तिच्या तळव्यांकडं बघत त्यांनी कौतुकानं विचारलं, "कुणाच्या घरी हळद होती गं?"

"मामाआजोबांच्या," मुलगी म्हणाली. "साठ क्विंटल."